सिडनी परिसरातल्या किनाऱ्यावरच्या आणि बुशमधल्या (रानातल्या) पायवाटा: वेगवेगळ्या कुवतीच्या माणसांसाठी निवड कशी करावी?

पश्चिमवारा

एप्रिल-मे म्हणजे भारतातून आई-वडील आणि सासू-सासरे इकडे येण्याचा हंगाम. त्या दिवसांत सिडनीत उन्हाळा ओसरलेला असतो, थंडी अजून पोचलेली नसते आणि चालण्यासाठी याहून चांगली हवा वर्षभरात क्वचितच मिळते. यंदा आमच्याकडे पुण्याहून चौघे जण आणि एक तान्हे बाळ येणार आहे, आणि या सर्वांना एकत्र कुठे न्यावे हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला आहे.

माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. सपाटीवर ती तासभर आनंदाने चालते, परंतु पायऱ्या उतरताना तिला कठडा लागतो. सासरे रोज पहाटे पर्वती चढतात आणि रविवारी सिंहगडावर जातात, त्यामुळे त्यांना एखाद्या बागेतून फिरवून आणले तर ते तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण मनातून नाराज होतील. धाकट्या बहिणीबरोबर आठ महिन्यांचे बाळ आणि बाबागाडी असेल, तर तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला जिथे खडक दिसेल तिथे चढायचे असते.

संकेतस्थळांवर प्रत्येक पायवाटेपुढे ‘सोपी’, ‘मध्यम’ किंवा ‘अवघड’ असे लिहिलेले असते. हे शब्द कोणाच्या दृष्टीने लिहिलेले आहेत आणि ते वाचून आपण निर्णय कसा घ्यावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की सर्वांत कमी चालू शकणाऱ्या व्यक्तीला धरून सगळ्यांची सहल ठरवावी, की दोन गट करून वेगवेगळ्या ठिकाणी जावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळ

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर बऱ्यापैकी ठरलेले आहे. ऑस्ट्रेलियात पायवाटांची १ ते ५ अशी श्रेणी लावण्याची पद्धत आहे आणि राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांवर व संकेतस्थळांवर तीच वापरतात. श्रेणी १ म्हणजे सपाट, एकसारखा पृष्ठभाग, एकही पायरी नाही, अंतर पाच किलोमीटरपर्यंत आणि सोबत मदतनीस असल्यास व्हीलचेअरलाही योग्य. श्रेणी २ मध्ये वाट दाबून घट्ट केलेली असते, पण हलके चढ आणि क्वचित पायऱ्या येऊ शकतात. श्रेणी ३ मध्ये थोडे पण तीव्र चढ, खडबडीत जमीन आणि ‘पुष्कळ पायऱ्या’ असू शकतात. श्रेणी ४ साठी बुशमध्ये चालण्याचा अनुभव हवा, कारण वाट लांब, खडतर आणि फार चढाची असू शकते व दिशादर्शक खुणाही कमी असतात. श्रेणी ५ ही ज्यांना नकाशावरून दिशा शोधता येते आणि आणीबाणीत प्रथमोपचार करता येतात अशा मुरलेल्या लोकांसाठी आहे.

आपल्या लोकांची गफलत श्रेणी ३ पाशी होते. पाचातला मधला आकडा म्हणजे ‘मध्यम’, म्हणजे ‘जमेल’, असा अर्थ सहज काढला जातो. वस्तुतः या श्रेणीचा पसारा इतका मोठा आहे की दोन किलोमीटरची सावलीतली किनारी वाट आणि वीस किलोमीटरपर्यंतची दिवसभराची चाल या दोन्ही तिच्यात बसू शकतात. म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या पानावर नुसता आकडा पाहून थांबू नये. त्याच्याखाली चढ, वाटेचा दर्जा, खुणा, पायऱ्या आणि लागणारा अनुभव यांची स्वतंत्र नोंद असते. तुमच्या आईसाठी फक्त पायऱ्यांची ओळ वाचा, बहिणीसाठी वाटेच्या दर्जाची आणि सासऱ्यांसाठी अंतर व चढाची. एकाच वाटेची तीन उत्तरे मिळतील.

माझी स्वतःची कसोटी मात्र याहून सोपी आहे. संपूर्ण वाटेतले सर्वांत वाईट शंभर मीटर कोणते आणि तिथून परत फिरता येते का, एवढेच मी आधी शोधतो. सहा किलोमीटर सुंदर सपाटी असली आणि पाचव्या किलोमीटरला दीडशे पायऱ्या असल्या, तर ती वाट दीडशे पायऱ्यांचीच समजावी.

पारिजात

कातळ यांच्याशी मी सहमत आहे. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे गुडघ्यांविषयी दोन गोष्टी लिहिते.

झीज झालेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास बहुधा जास्त होतो, कारण उतरताना शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंनी ताणून धरत धरत खाली सोडायचा असतो आणि गुडघ्याच्या वाटीवरचा दाब त्या वेळी वाढतो. त्यामुळे जी वाट आधी खाली उतरते आणि मग वर येते ती आपल्या ज्येष्ठांना फसवते. निळ्या डोंगरांमध्ये, म्हणजे ब्लू माउंटन्समध्ये, नेमके हेच आहे. आपल्याकडे गडावर जाताना आधी दम लागतो आणि न झेपल्यास माणूस अर्ध्यातून मागे फिरून उतरून येतो. इथे गाड्या पठारावर थांबतात, दरी पायांखाली असते, उतरताना सर्वांना हुरूप असतो आणि सगळा चढ थकल्यानंतर शिल्लक राहतो. सिंहगड चढणाऱ्यांनाही हा उलटा क्रम सुरुवातीला जाणवतो.

दुसरी गोष्ट काठ्यांची. चालण्याच्या दोन काठ्या वापरल्यास उतारावर गुडघ्यांचा काही भार हातांवर जातो, पण त्या वापरण्याची सवय आधी घरी करावी. भारतातून काठ्या आणि बूट आणणार असाल तर ते धुऊन, तळव्यांच्या खाचांतली माती काढून आणायला सांगा आणि विमानतळावरच्या प्रवेशपत्रात त्यांचा उल्लेख करायला सांगा. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम मातीच्या बाबतीत कडक आहेत. सिंहगडावरची लाल माती बुटांना तशीच ठेवून आलेल्या माणसाला तिथे बराच वेळ उभे राहावे लागू शकते.

संथगती

किनाऱ्यावरच्या वाटांमध्ये बाँडाय ते कूजी ही वाट सर्वांत प्रसिद्ध आहे आणि पाहुण्यांना ती दाखवली नाही तर सिडनी दाखवल्यासारखे वाटत नाही. अंतर साधारण सहा किलोमीटर आहे. वाटेत टॅमारामा, ब्राँटी, क्लोव्हेली आणि गॉर्डन्स बे लागतात, मध्ये समुद्राकडे तोंड करून असलेली १८७७ मधली वेव्हर्ली दफनभूमी येते आणि जागोजागी कॉफीची दुकाने, बाके व स्वच्छतागृहे आहेत. सगळी वाट शहरातून जाते, म्हणून मी तिला सर्वांसाठी योग्य समजतो.

पारिजात

संथगती, प्रसिद्धी आणि सोपेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाँडायहून निघाल्यावर लगेच पायऱ्या लागतात, त्यानंतर प्रत्येक किनाऱ्यापाशी वाट खाली उतरते आणि पुढच्या कड्यावर पुन्हा चढते. क्लोव्हेलीपासून गॉर्डन्स बेच्या भोवतीच्या भागात तर पायऱ्यांची चांगलीच रांग आहे. बाबागाडी घेऊन ही पूर्ण वाट करणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्यातला एक जण संपूर्ण वेळ गाडी उचलून चालत होता.

तरीही या वाटेचा एक मोठा गुण आहे आणि तो तुम्ही सांगितलाच आहे. ती मध्येच सोडता येते. प्रत्येक किनाऱ्याच्या मागे रस्ता आहे, बस मिळते आणि टॅक्सी बोलावता येते. म्हणून पश्चिमवारा यांच्या आईंनी ब्राँटीच्या हिरवळीवर बसमधून यावे, दफनभूमीच्या बाजूने समुद्रावर काढलेल्या बोर्डवॉकवर, म्हणजे फळ्यांच्या उंच वाटेवर, जमेल तेवढे चालावे आणि सासरेबुवांनी बहिणीच्या मुलासह बाँडायहून चालत येऊन त्यांना ब्राँटीत गाठावे. ब्राँटीला खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, तिथे मुलाचा एक तास सहज जातो.

कातळ

पारिजात यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकळत दिले आहे. सर्वांत कमी चालणाऱ्या व्यक्तीला धरून वाट निवडली तर तिलाच अवघडल्यासारखे होते, कारण तिच्यामुळे बाकीचे अडून राहिले आहेत हे तिला दिसत असते. दोन गट करून दोन ठिकाणी गेले तर सहल एकत्र राहत नाही. म्हणून जिथे दोन वाटा वेगळ्या होऊन पुन्हा एकत्र येतात अशी ठिकाणे शोधावीत. सिडनीच्या आसपास अशी ठिकाणे आहेत आणि त्यांतले सर्वांत चांगले उदाहरण ब्लू माउंटन्समधल्या कटूंबा येथे आहे.

सेंट्रल स्थानकावरून कटूंबाला आगगाडीने सुमारे दोन तास लागतात. एको पॉइंटवरून ‘थ्री सिस्टर्स’ हे तीन सुळके दिसतात. त्यांच्या कडेने ‘जायंट स्टेअरवे’ नावाचा जिना दरीत उतरतो. त्याला आठशेहून अधिक पायऱ्या आहेत, काही लोखंडी आणि काही कातळात कोरलेल्या. तळाशी पोचल्यावर फेडरल पास या जंगलातल्या वाटेने पश्चिमेकडे चालत गेले की सीनिक रेल्वेच्या खालच्या स्थानकाशी येता येते. ही रेल्वे मूळची खाणीतून कोळसा वर ओढण्यासाठी बांधलेली असून तिचा चढ ५२ अंशांचा आहे. सासऱ्यांनी या मार्गाने यावे आणि परत चढण्याऐवजी रेल्वेने वर जावे.

त्याच वेळी आई, बहीण आणि बाळ यांनी वरून केबलवेने दरीत उतरावे. खाली पर्जन्यवनातून २.४ किलोमीटरचा बोर्डवॉक आहे, झाडनेच्यांच्या सावलीत आणि जुन्या खाणीच्या तोंडाजवळून जाणारा. दोन्ही गट दरीच्या तळाशी भेटतात आणि सर्वांनी जंगल पाहिलेले असते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की वर जाणाऱ्या शेवटच्या रेल्वेची वेळ आधी पाहून ठेवली पाहिजे, कारण ती चुकली तर फर्बर स्टेप्स या पायऱ्यांनी वर चढण्यावाचून इलाज राहत नाही.

चाकांवरची वाट

मी व्हीलचेअर वापरते. अशा चर्चांमध्ये आमच्यासाठी बहुधा शेवटी एक ओळ असते, म्हणून मध्येच येऊन लिहिते आहे.

कातळ यांनी सांगितलेल्या बोर्डवॉकचा केबलवेच्या खालच्या स्थानकाजवळचा ३८० मीटरचा भाग व्हीलचेअरसाठी योग्य आहे आणि केबलवेमध्येही चाकांची खुर्ची नेता येते. रेल्वेत मात्र नेता येत नाही. ३८० मीटर हे अंतर वाचताना क्षुल्लक वाटेल, पण ज्या दरीकडे मी आयुष्यभर कठड्याच्या वरूनच पाहत आले तिच्या तळाशी जाऊन झाडांच्या बुंध्यांमध्ये असणे ही निराळी गोष्ट आहे. बाबागाडीला जे अडते ते बहुतेक वेळा आम्हालाही अडते, त्यामुळे पश्चिमवारा यांच्या बहिणीसाठीही पुढची माहिती उपयोगी पडेल.

फेअरफॅक्स नावाच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक मॅन्लीजवळ नॉर्थ हेडवर आहे. ती सुमारे एक किलोमीटरची फरसबंद वर्तुळाकार वाट असून तिथून बंदराचे मुख, समोरचे साउथ हेड आणि मागे शहर दिसते. जून-जुलैमध्ये उत्तरेकडे जाणारे देवमासेही दिसतात. दुसरी ब्लू माउंटन्समधल्या ब्लॅकहीथला आहे. ती राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रापासून गव्हेट्स लीप लुकआउटपर्यंत १.८ किलोमीटर जाते. सोबत ढकलणारे कोणी असेल तर ती खुर्चीतून करता येते, मात्र जाताना उतार असल्यामुळे येताना त्या सोबत्याची परीक्षा होते. माझा भाऊ मला लुकआउटला सोडून गाडी तिकडे आणतो, हा आमचा तोडगा आहे.

रॉयल नॅशनल पार्कमध्ये बंगूना लुकआउटपर्यंत जाणारी छोटी सुगम वाट आहे, तिथून खाली हॅकिंग नदीचे वळण दिसते. आणि ज्यांना समुद्र अगदी हाताशी हवा आहे त्यांनी मॅन्लीच्या पुळणीपासून शेली बीचपर्यंतची फरसबंद वाट घ्यावी. साधारण किलोमीटरभराचे अंतर आहे, डाव्या हाताला कॅबेज ट्री बे हे संरक्षित सागरी क्षेत्र असल्यामुळे काठावरूनही मासे दिसतात आणि उजवीकडच्या खडकांवर वॉटर ड्रॅगन जातीचे मोठे सरडे ऊन खात पडलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे सरडे देवमाशांपेक्षा जास्त आवडतील याची मी खात्री देते.

एक विनंती अशी की ‘सुगम’ असे लिहिलेले दिसले तरी स्वच्छतागृह सुगम आहे का, वाहनतळावर राखीव जागा आहे का आणि वाहनतळापासून वाटेच्या तोंडापर्यंत कडेचा दगड उतरता केलेला आहे का, हे वेगळे तपासावे. वाट उत्तम आणि तिच्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या, असा अनुभव येतो.

सह्यधार

सासऱ्यांच्या बाजूने मला बोलू द्यावे, कारण मीही त्याच जातीचा आहे. सिडनीच्या दक्षिणेला १८७९ मध्ये स्थापन झालेले रॉयल नॅशनल पार्क आहे आणि त्यातला कोस्ट ट्रॅक बंडीना ते ऑटफर्ड असा २६ किलोमीटरचा आहे. पिवळसर वालुकाश्माचे कडे, वाऱ्याने खुजी झालेली झुडपे, वॉटामोलाचा धबधबा, ईगल रॉक आणि शेवटी ताडांचे दाट वन असे त्याचे रूप दर दोन तासांनी पालटते. अलीकडे बऱ्याच भागात उंच बोर्डवॉक आणि दगडी पायऱ्या केल्यामुळे पूर्वीचा चिखल कमी झाला आहे. तो दोन दिवसांत करावा. मुक्कामासाठी नॉर्थ इरा येथे तंबूची जागा आधी आरक्षित करावी लागते. तंदुरुस्त लोक तो एका दिवसात करतात, पण मेमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे ध्यानात घेतले तर तो बेत पाहुण्यांसाठी नको.

एका दिवसासाठी माझी शिफारस जिबन हेडच्या फेरीची आहे. क्रोनुलापर्यंत आगगाडी, तिथून छोट्या फेरीबोटीने अर्ध्या तासात बंडीना, आणि मग साधारण पाच किलोमीटरचे वर्तुळ. जिबन हेडवर इथल्या मूळनिवासी धरावल लोकांनी खडकात कोरलेली चित्रे आहेत आणि ती वरून पाहता यावीत म्हणून तिथे उंच मंच बांधला आहे. चित्रांवर पाय पडू नये यासाठी तो आहे, तेव्हा मुलांना मंचावरच ठेवावे. ज्यांना एवढे चालायचे नसेल त्यांनी धक्क्याजवळच्या पुळणीवर थांबावे. फेरीबोटीचा प्रवास हीच त्यांची सहल होते.

आता दोन ठिकाणी जाऊ नये हेही लिहितो, कारण तिथली छायाचित्रे पाहून पाहुणे आग्रह धरतात. वेडिंग केक रॉक हा पांढरा चौकोनी खडक पोखरलेला आणि अस्थिर आहे. २०१५ पासून त्याला कुंपण आहे आणि ते ओलांडणाऱ्याला दंड होतो. कुंपणाबाहेरून तो पाहता येतो, तेवढे पुरे. दुसरे ठिकाण म्हणजे बर्निंग पाम्सजवळची फिगर एट पूल्स. तिथे खडकाच्या सपाट पट्ट्यावर उभे असताना अचानक मोठी लाट येऊन माणसांना खरबरीत कातळावरून फरफटत नेते आणि त्यात अनेक जण जखमी झाले आहेत. राष्ट्रीय उद्यान या जागेसाठी लाटांच्या धोक्याचा स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध करते. ओहोटी आणि कमी धोका या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तिथे जावे, आणि तेही खडा उतार व परतीचा चढ ज्यांना जमतो त्यांनी. ओहोटी असली की धोका नाही, हा आपल्या कोकणच्या सपाट पुळणीवरून आलेला समज इथल्या खडकांवर चालत नाही.

संथगती

मी बाँडायवरून माघार घेतो आणि दोन छोट्या वाटा सुचवतो.

हर्मिटेज फोरशोअर ही रोज बे ते नील्सन पार्क अशी १.८ किलोमीटरची बंदराच्या आतल्या बाजूची वाट आहे. खुल्या समुद्राचा वारा नाही, झाडांची सावली पुष्कळ आणि झाडांच्या मधून हार्बर ब्रिज दिसत राहतो. पायऱ्या मधून मधून आहेत, पण सलग नाहीत, शिवाय दोन्ही टोकांना बस आहे.

दुसरी साउथ हेडची. वॉट्सन्स बेपर्यंत फेरीबोटीने जाऊन कँप कोव्हवरून निघाले की थोड्याच वेळात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे हॉर्नबी दीपगृह येते. १८५७ मध्ये डनबार जहाज या कड्यांवर आदळून फुटले आणि एक वगळता सर्व माणसे गेली, त्यानंतर १८५८ मध्ये हे दीपगृह उभे राहिले. सुरुवातीच्या भागात थोड्या पायऱ्या आणि जुना दगडी रस्ता आहे. सासू-सासऱ्यांना नेणाऱ्यांच्या माहितीसाठी एवढेच नोंदवतो की ही वाट लेडी बेच्या वरून जाते आणि तो विवस्त्र स्नानासाठी कायदेशीर मान्यता असलेला किनारा आहे. त्या ठिकाणी सर्वांना समोरच्या नॉर्थ हेडचे सौंदर्य दाखवावे.

पश्चिमवारा

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. ‘वेगळे होऊन पुन्हा भेटणे’ ही कल्पना घरी सर्वांना पटली आहे. त्यानुसार तूर्त असा बेत केला आहे: पहिल्या आठवड्यात मॅन्ली ते शेली बीच, कारण प्रवासाचा शीण असेल आणि फेरीबोटीतून बंदरही दिसेल, नंतर ब्राँटीची भेट, मग कटूंबाची दुहेरी सहल, शेवटी सासरे, मी आणि भाचा जिबन हेडला. पाम बीचच्या बॅरनजोई दीपगृहाला दोन वाटा आहेत असे वाचले. ते ठिकाण आमच्या पद्धतीत बसेल का? तसेच सासऱ्यांनी ब्लॅकहीथच्या ग्रँड कॅन्यन या घळीतल्या वाटेविषयी कुठेतरी वाचले असून ते आता तेच म्हणत आहेत.

कातळ

बॅरनजोईला खरोखरच दोन वाटा आहेत. स्मगलर्स ट्रॅक आखूड आणि पायऱ्यांचा, तर ॲक्सेस ट्रेल रुंद व लांबीला जास्त. दोन्ही वर १८८१ मधल्या दीपगृहापाशी पोचतात. परंतु रुंद वाट म्हणजे सुगम वाट नव्हे. तिला पायऱ्या नाहीत, चढ मात्र आहे आणि तो उतरताना तुमच्या आईंना त्रास होईल. बाबागाडी ढकलत नेणारे तिथे घामाघूम होतात. आईंनी खाली पुळणीवर थांबायचे असेल तर जावे.

ग्रँड कॅन्यन सासऱ्यांना जमेल. साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेरचे वर्तुळ आहे, साडेतीन-चार तास लागतात, ओलसर घळीतून, नेच्यांमधून आणि ओढ्यातल्या दगडांवरून जावे लागते आणि शेवटी मोठा चढ आहे. सिंहगड चढणाऱ्याला दमाचा प्रश्न येणार नाही, पण शेवाळलेल्या दगडांवर पकड असलेले बूट हवेत. घळीत फोनला रेंज नसते. त्यासाठी एक सोय फार थोड्या लोकांना माहीत असते. राष्ट्रीय उद्यान आणि पोलीस यांच्यातर्फे ब्लू माउंटन्समध्ये उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारे छोटे यंत्र विनामूल्य मिळते. आपला मार्ग आणि परतण्याची वेळ नोंदवायची, यंत्र घ्यायचे आणि आल्यावर परत करायचे.

जोराचा पाऊस होऊन गेल्यावर काही दिवस या दऱ्यांमध्ये जाऊच नये. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेंटवर्थ पासच्या वाटेवर दरड कोसळून चालणाऱ्या कुटुंबातले दोघे मृत्युमुखी पडले होते. वालुकाश्माचे कडे पाणी मुरल्यावर सुटतात, आणि त्यामुळेच इथल्या वाटा वारंवार बंद केल्या जातात. आदल्या दिवशी आणि निघण्याच्या सकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना पाहाव्यात. जायंट स्टेअरवेलाही हे लागू आहे.

पारिजात

पावसानंतर आणखी एक पाहुणे भेटतात. ओलसर वाटांवर जळवा असतात. त्या धोकादायक नाहीत, पण पहिल्यांदा मोज्यावर दिसल्या की लहान मुले आणि काही मोठी माणसेही बिथरतात. पँट मोज्यात खोचावी आणि घरी आल्यावर गोचिडीसाठी अंग तपासावे, विशेषतः मुलांचे कान आणि केस. गोचीड आढळल्यास ती नखांनी चिमटून ओढू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत विम्याचे एक कलम आधी वाचून घ्यावे. न्यू साउथ वेल्समध्ये रुग्णवाहिकेचे शुल्क लागते आणि परदेशी पाहुण्यांना ते भरावे लागते. दरीतून हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले तर रक्कम बरीच मोठी होऊ शकते. प्रवासविम्यात रुग्णवाहिकेचा खर्च आणि आधीपासूनचे आजार यांविषयी काय लिहिले आहे, हे पाहुणे भारतातून निघण्यापूर्वीच पाहावे. एप्रिलमध्येही दुपारच्या वेळी अतिनील निर्देशांक ३ च्या वर जातो, म्हणून हवा गार वाटली तरी टोपी आणि सनस्क्रीन सोडू नये. पुण्यातल्या माणसाला ‘एवढ्या उन्हाला काय घाबरायचे’ असे वाटते.

चाकांवरची वाट

पश्चिमवारा, तुमच्या बेतात एक बदल सुचवते. कटूंबाच्या दिवशी आईंचा गट फार लवकर दरीत उतरवू नका. जिन्याने येणाऱ्यांना वाटते त्याहून जास्त वेळ लागतो, कारण पायऱ्या अरुंद आहेत आणि वर येणाऱ्यांना वाट द्यावी लागते. दरीत सावली आणि ओल असल्यामुळे बसून राहणाऱ्याला मेमध्ये चांगली थंडी वाजते, चालणाऱ्याला ती कळत नाही. आईंच्या गटाने एको पॉइंट पाहावा, शेजारच्या लुरा गावात जेवून घ्यावे आणि सासऱ्यांनी जिना उतरून झाल्याचा निरोप, रेंज मिळाल्यास, दिला की मग केबलवेकडे निघावे. निरोप आलाच नाही तर किती वाजता निघायचे तेही आधीच ठरवून ठेवावे.

पश्चिमवारा

हे उत्तम झाले. मी दोन्ही गटांसाठी दुपारी दोनची वेळ लिहून ठेवतो. सासऱ्यांना ग्रँड कॅन्यनसाठी वेगळा दिवस हवा आहे आणि माझी सुट्टी संपत आली असेल. त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर चालायला कोणी मोकळे आहे का? डबा आमच्याकडून.

सह्यधार

शनिवार असेल तर मी येतो. ब्लॅकहीथ स्थानकावर सकाळी साडेनऊपर्यंत पोचणारी गाडी पकडा, म्हणजे इव्हान्स लुकआउटपर्यंत मी मोटारीने नेईन आणि दुपारी दोनच्या आत आम्ही वर असू. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी चालेल, पण लुकआउटवर डबा उघडताना सावध राहावे लागेल, कारण तिथले कुकाबुरा पक्षी हातातला घास अचूक उचलतात.

कातळ

मीही येतो. यंत्र मी आदल्या दिवशी घेऊन ठेवीन, सासऱ्यांचे नाव आणि बुटांची अवस्था तेवढी कळवा.